चार्जरला ‘आता बस’ कोण म्हणतं?

सोयाबीन आणि पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की तालुक्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत बॅटरीपंपांचे चार्जर येऊ लागतात. पीक दाण्यावर आलं, रानडुकरं आणि रोही शिवारात उतरू लागले, की पाठोपाठ झटका मशीन, म्हणजे जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी यंत्रं, येतात. तक्रार बहुतेक एकाच चालीची असते: “कालवरी चांगलं होतं भाऊ, आज बॅटरीच फुगून गेली.” मग दोष लाईनला जातो, डीपीला जातो, नाहीतर बॅटरी विकणाऱ्याला.

पण १२ व्होल्टची बॅटरी नेमकी किती व्होल्टपर्यंत भरायची, हे लाईन ठरवत नाही. ते चार्जरच्या आतला एक नखावर मावेल एवढा, तीन पायांचा काळा तुकडा आणि त्याच्या शेजारचे दोन रजिस्टन्स, म्हणजे करंटला आवर घालणारे छोटे भाग, ठरवतात. बहुतेक चार्जरमध्ये हा तुकडा टीएल४३१ नावाचा असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणला. आज मोबाइलचा चार्जर, टीव्ही, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, कुठेही उघडून बघा, हा किंवा याचा भाऊबंद सापडण्याची शक्यता मोठी. पुस्तकात त्याला ‘अ‍ॅडजस्टेबल शंट व्होल्टेज रेग्युलेटर’ म्हणतात. शंट म्हणजे बाजूने काढलेली वाट, रेग्युलेटर म्हणजे ठरलेली पातळी राखणारा, अ‍ॅडजस्टेबल म्हणजे ती पातळी आपल्याला ठरवता येते. एवढं जड नाव, पण काम पाच मिनिटांत कळण्यासारखं आहे.

तलाव, पाट आणि सांडवा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, डोळ्यांसमोर आणा. वरून पाटाने पाणी येतं. खाली धानाच्या बांध्यांना पाणी जातं. आणि पाळीच्या एका टोकाला सांडवा असतो. पाऊस कितीही पडो, पाणी सांड्याच्या काठापर्यंत चढतं आणि त्यापुढचं वाहून जातं. तलावाची पातळी सांड्याच्या काठावर ठरते, पावसावर नाही.

आता पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट, आणि येणारा अरुंद पाट म्हणजे रजिस्टन्स असं धरा. शंट रेग्युलेटर हा सांडवा. तो बाहेरच्या दोन तारांच्या मध्ये, लोडच्या, म्हणजे वीज वापरणाऱ्या वस्तूच्या, शेजारी जोडलेला असतो. व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या खाली असेल तोवर तो जवळजवळ बंद. पातळीला टेकला की जास्तीचा करंट स्वतःतून ग्राउंडला सोडून देतो, म्हणून पातळी वर चढत नाही.

पाट अरुंद असणं फार महत्त्वाचं. पाटाऐवजी सगळी नदीच तलावात वळवली तर सांडवा फुटेल. तसंच शंट रेग्युलेटरच्या आधी रजिस्टन्स लावलाच पाहिजे. टीएल४३१ स्वतःतून १०० मिलिअँपिअरपर्यंत करंट सोडू शकतो. रजिस्टन्स न लावता थेट बॅटरीला जोडला आणि पातळी ओलांडली, की तो जळणार.

एका जागी ही तुलना अपुरी पडते. सांड्याचा काठ दगडात बांधलेला असतो, तो हलवायचा तर बांधकाम करावं लागतं. टीएल४३१ चा काठ बाहेरून, दोन रजिस्टन्स बदलून हलवता येतो. कसा, ते पुढे.

तीन पाय आणि अडीच व्होल्ट

तीन पायांची नावं कॅथोड, अ‍ॅनोड आणि रेफरन्स. कॅथोड वरच्या तारेला, अ‍ॅनोड ग्राउंडला. तिसरा, रेफरन्स, हा नुसता बघणारा पाय. त्याच्यातून जाणारा करंट दोन-चार मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात.

आत एक पक्का ठरवलेला व्होल्टेज आहे: २.४९५, आपण २.५ म्हणू. रेफरन्स पायावर २.५ पेक्षा कमी दिसलं की टीएल४३१ हात आखडता घेतो, जास्त दिसलं की कॅथोडपासून अ‍ॅनोडकडे करंट सोडतो. बाकी काही करत नाही. त्याला १३.८ माहीत नाही, ५ माहीत नाही. त्याला फक्त अडीच माहीत आहे.

मग आपल्याला १३.८ व्होल्ट हवे असतील तर? बाहेरच्या व्होल्टेजचा एक ठरलेला वाटा त्याला दाखवायचा. वरच्या तारेपासून ग्राउंडपर्यंत दोन रजिस्टन्स एकाखाली एक लावायचे आणि मधल्या सांध्याला रेफरन्स पाय जोडायचा. हिशेब असा:

बाहेरचा व्होल्टेज = २.५ × (१ + वरचा रजिस्टन्स ÷ खालचा रजिस्टन्स)

दोन्ही सारखे ठेवले तर ५ व्होल्ट. वरचा १० किलोओहम आणि खालचा २.२ किलोओहम ठेवला तर १३.८ च्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टच्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीला कायम लावून ठेवायला चालेल एवढा. या पद्धतीने २.५ पासून ३६ व्होल्टपर्यंत कुठलीही पातळी मिळते. एकच तुकडा, दोन रजिस्टन्स बदलले की काम नवं. इतकी वर्षं तो टिकला, त्याचं कारण मला हेच वाटतं.

उन्हाळ्यात हे अडीच हलत नाहीत का?

आपल्याकडे हा प्रश्न रास्तच आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या कोठ्यात टांगलेल्या डब्याच्या आत त्याहून जास्त. इलेक्ट्रॉनिक्समधलं जवळजवळ सगळंच उष्णतेने थोडं सरकतं. चिपच्या आत ट्रान्झिस्टर, म्हणजे करंट कमी-जास्त करणारे बारीक भाग, असतात. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट पडतो, तो दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो.

उपाय त्याच उतरण्यातून निघाला. दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळ्या करंट-घनतेवर चालवले तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक उष्णतेबरोबर वाढतो. एक उतरतो, एक चढतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिळवले की बेरीज जागच्या जागी राहते, आणि ती येते सव्वा व्होल्टच्या आसपास. याला बँडगॅप रेफरन्स म्हणतात. १९७० च्या सुमारास रॉबर्ट विडलर या इंजिनिअरने ही कल्पना चिपमध्ये बसवून दाखवली. टीएल४३१ मध्ये तिचीच दुप्पट वापरली आहे, म्हणून अडीच. हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत हा आकडा साधारणपणे काही मिलिव्होल्टच हलतो. मातीच्या भावाने मिळणाऱ्या वस्तूत एवढी नेमकी मोजपट्टी बसवलेली आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

झेनर लावला तर काय बिघडतं?

झेनर डायोडही सांड्यासारखंच काम करतो आणि तो टीएल४३१ पेक्षा स्वस्त आहे. पण त्याची पातळी कारखान्यातून ठरून येते. ५.१, ६.२, १२ असे आकडे मिळतात, १३.८ हवा असेल तर अडचण. शिवाय साध्या झेनरमध्ये पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, करंट बदलला की व्होल्टेजही सरकतो, आणि साडेपाच-सहा व्होल्टच्या वरचे झेनर उष्णतेबरोबर चढत जातात. दिवा लावायचा असेल तर झेनर पुष्कळ. बॅटरीचं आयुष्य त्याच्या भरवशावर सोडू नये.

पण जास्तीचा करंट सांडून देणं म्हणजे वीज वाया घालवणंच ना?

हो, साध्या जोडणीत वाया जाते. एक उदाहरण घेऊ. झटका मशीनच्या कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर द्यायचे आहेत. पाट म्हणून २२० ओहमचा रजिस्टन्स लावला. बॅटरी १२ वर असताना त्यातून सुमारे ३२ मिलिअँपिअर येतात. २० बोर्ड घेतो, १२ टीएल४३१ सांडतो. बॅटरी उतरून १०.५ वर आली तर २५ येतात, बोर्डाला तरीही २० मिळतात. बॅटरी चार्जिंगला असून १४.४ वर गेली तर ४३ येतात, आणि वाढलेले सगळे टीएल४३१ च्या अंगावर. या तिन्ही वेळी बोर्डाला मात्र ५ व्होल्टच दिसतात.

आता खर्च बघा. बोर्ड काम करो अथवा झोपून राहो, ते ३२ मिलिअँपिअर वाहतातच. २४ तासांत पाऊण अँपिअर-अवर झाले. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला दहावा हिस्सा रोज नुसता गेला. सलग ढगाळ हवामान असलं की हे जाणवतं. म्हणून मोठ्या करंटसाठी सीरीज रेग्युलेटर, म्हणजे वाटेतच उभा राहून लागेल तेवढंच पुढे सोडणारा, बरा. ५ व्होल्ट देणारी ७८०५ ही चिप त्यातली सगळ्यांच्या ओळखीची.

मग शंट पद्धत टिकली कशी? दोन जागी ती खरोखर शोभते, आणि त्या दोन्ही आपल्या शेतात आहेत.

पहिली जागा सोलर पॅनल. पॅनलच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तरी पॅनल जळत नाही. त्याचा करंट उन्हाने बांधलेला असतो. १० वॅटच्या पॅनलमधून भर दुपारीही साधारण ०.६ अँपिअरच्या पुढे काही निघत नाही. म्हणजे इथे पाट निसर्गानेच अरुंद करून दिला आहे. उघड्यावर त्याच पॅनलचा व्होल्टेज २१-२२ पर्यंत जातो, म्हणून थेट बॅटरीला लावून सोडता येत नाही. बॅटरी भरली की टीएल४३१ एका मोठ्या ट्रान्झिस्टरला किंवा मॉसफेटला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्याच एका प्रकाराला, खूण करतो आणि तो पॅनलचा करंट बाजूने फिरवतो. मध्ये एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो, नाहीतर पॅनलबरोबर बॅटरीही शॉर्ट होईल. हा डायोड उडाला की मशीन दिवसा ठीक चालतं आणि रात्री बॅटरी रिकामी होते. असं झटका मशीन समोर आलं तर मी आधी तोच डायोड बघतो. इथे सांडलेल्या विजेचं बिल येत नाही. ऊन तसंही पडलेलंच होतं.

चार्जरमध्ये तो सांडत नाही, हाक मारतो

दुसरी जागा चार्जर. लाईनचे २३० व्होल्ट आत जाऊन सुमारे ३२५ व्होल्टचे डीसी होतात. एक ट्रान्झिस्टर त्यांचे सेकंदाला हजारो तुकडे करतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ते पलीकडे जातात, आणि तिथे बॅटरीला लागणारा व्होल्टेज तयार होतो. तुकडे रुंद केले तर व्होल्टेज वाढतो, अरुंद केले तर उतरतो.

रुंदी किती ठेवायची, हे अलीकडच्या, म्हणजे लाईनकडच्या बाजूला कळणार कसं? थेट तार जोडता येत नाही. जोडली तर बॅटरीच्या टोकावर लाईन येईल आणि हात लावणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर ठेवतात. चार पायांचा छोटा चौकोनी तुकडा, पीसी८१७ सारखा. त्याच्या एका बाजूला बारीक एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, मध्ये तांब्याचा कुठलाही सांधा नाही.

बॅटरीकडच्या बाजूला टीएल४३१ आपला वाटा बघत बसलेला असतो. अडीचच्या वर जाताच तो ऑप्टोकपलरच्या एलईडीतून काही मिलिअँपिअर ओढतो, एलईडी उजळतो, लाईनकडच्या बाजूचा कंट्रोलर तुकडे अरुंद करतो. पाणी काठाला टेकलं की सांड्याने ते सांडण्याऐवजी वरच्या पाटकऱ्याला हाक मारावी, तसं. त्यामुळे वाया जवळजवळ काहीच जात नाही.

लाईन कमी-जास्त होते, त्याचं काय?

संध्याकाळी गावाच्या टोकाच्या घरी १७० व्होल्टच पोचतात, पंखा सरपटत फिरतो. चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिलेलं असेल तर त्याला फरक पडत नाही. टीएल४३१ बाहेरचा व्होल्टेज बघतो, आतला नाही. लाईन उतरली तर तुकडे रुंद होतात, बाहेर १३.८ तसेच. बॅटरी नीट भरत नाही म्हणून अशा चार्जरला स्टॅबिलायझर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मात्र डीपीवर न्यूट्रल तुटला आणि घरात ४०० व्होल्टच्या घरात लाईन आली, तर टीएल४३१ काही करू शकत नाही. ४०० चं डीसी होताना ते ५६० च्या पुढे जातं, आणि आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, बहुधा ४०० व्होल्टपर्यंतच सोसणारा असतो. फट्‌ आवाज येतो तो त्याचा. असा चार्जर मेलेला येतो. बॅटरी फुगवणारा चार्जर जिवंत असतो. ही खूण लक्षात ठेवली तर दोष लाईनचा की चार्जरचा, हे चार्जर उघडण्याआधीच बरंचसं कळतं.

मग बॅटरी फुगते कशी?

चिप फारशी चुकत नाही. चुकतात ते दोन रजिस्टन्स.

वर १० किलोओहम आणि खाली २.२ किलोओहमचा हिशेब केला तो नेमक्या रजिस्टन्सचा. स्वस्त चार्जरमध्ये पाच टक्क्यांचे लावले असतील आणि वरचा पाच टक्के जास्त, खालचा पाच टक्के कमी निघाला, तर बाहेर १५ व्होल्ट मिळतात. उलट झालं तर पावणेतेरा. म्हणजे एकाच डब्यातले दोन चार्जर, एक बॅटरी उकळवणारा आणि दुसरा कधीच पूर्ण न भरणारा. एक टक्क्याचे लावले तर हीच तफावत साधारण १३.६ ते १४.१ मध्ये बसते. किमतीतला फरक काही पैशांचा. ही काटकसर करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण तिची किंमत शेवटी शेतकरी नव्या बॅटरीत मोजतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सहा सेल असतात. दर सेलला २.४ च्या वर, म्हणजे एकूण १४.४ च्या वर तासन्‌तास ठेवलं की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागतात. सीलबंद बॅटरीत पाणी घालायची सोय नाही. रात्रभर १५ वर राहिली की ती सुकते, तापते, फुगते.

रजिस्टन्स तुटला तर काय? खालचा तुटला तर रेफरन्स पायावर भलताच जास्त व्होल्टेज दिसतो, टीएल४३१ जोरात हाक मारतो, चार्जर उठतच नाही. नुकसान काही नाही. वरचा तुटला किंवा त्याचा सोल्डरचा डाग निघाला, तर रेफरन्स पायावर शून्य दिसतं. टीएल४३१ गप्प बसतो, आणि वेगळं संरक्षण नसेल तर चार्जर वाटेल तेवढा वर चढतो. फवारणीच्या औषधाचे शिंतोडे, पावसाळ्यातली ओल, मुंग्यांनी बोर्डावर केलेलं घर, हे सगळं याच नाजूक सांध्यावर बसतं.

मीटर हाताशी असेल तर

चार्जर न उघडता, बॅटरी न जोडता, बाहेरच्या टोकावर डीसी व्होल्ट मोजा. लेड-अ‍ॅसिडच्या कायम जोडायच्या चार्जरला १३.५ ते १३.८ दिसायला हवेत. भरून झाली की काढायची, अशा चार्जरला १४.४ ते १४.७ चालतात. १५ दिसले तर तो बॅटरीला लावूच नका.

काही चार्जर बॅटरी लागल्याशिवाय सुरू होत नाहीत. त्यांच्यात बॅटरी भरत आली असताना तिच्या टोकांवर मोजा.

यापुढचं फक्त दुरुस्ती करणाऱ्यांसाठी. अलीकडच्या बाजूला ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतात, ज्याला हे माहीत नाही त्याने डबा उघडू नये. पलीकडच्या, म्हणजे बॅटरीकडच्या बाजूला रेफरन्स आणि अ‍ॅनोडमध्ये मोजा. बाहेर व्होल्टेज जास्त आणि इथे नेमके २.५ असतील, तर चिप काम करते आहे, रजिस्टन्स सरकले आहेत. बाहेर जास्त आणि इथे २.५ पेक्षा कमी असेल तर वरचा रजिस्टन्स तुटलेला किंवा खालच्या बाजूला काहीतरी शॉर्ट. बाहेर जास्त आणि इथेही २.५ पेक्षा जास्त असेल तर चिपला दिसतंय पण हाक पोचत नाही: चिप किंवा ऑप्टोकपलर बदला.

तुकडा दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखाच असतो, म्हणून अक्षरं वाचल्याशिवाय बीसी५४७ सारखा ट्रान्झिस्टर समजून बदलू नका. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून रेफरन्स, अ‍ॅनोड, कॅथोड. बोर्डाला चिकटलेल्या बारीक प्रकारात पायांचा क्रम वेगळा असतो, आणि टीएल४३२ म्हणजे तोच तुकडा, फक्त पाय फिरवलेले. टीएलव्ही४३१ मात्र अडीचचा नाही, १.२४ व्होल्टचा आहे. तो टीएल४३१ च्या जागी बसवू नका.

चिप हलत नाही, पण बॅटरी हलते

लेड-अ‍ॅसिड बॅटरीला उष्णतेत कमी व्होल्टेज लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत दर अंशाला साधारण २० मिलिव्होल्ट. २५ अंशाला १३.८ योग्य असतील तर ४५ अंशाला १३.४ पुरे. टीएल४३१ आपल्या जागी ठाम असतो, त्याला बॅटरी तापल्याचं कळत नाही. चांगल्या चार्जरमध्ये वरच्या रजिस्टन्सबरोबर एक थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रजिस्टन्स उतरतो आणि बाहेरचा व्होल्टेज आपोआप खाली येतो. तो बॅटरीला टेकवून बसवलेला हवा, डब्यात लोंबकळत असला तर उपयोग नाही. आपल्याकडे विकायच्या प्रत्येक चार्जरमध्ये तो असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नसेल तर एप्रिल-मेमध्ये चार्जिंग रात्री, घरातल्या थंड जागी करा आणि भरल्यावर काढून ठेवा.

नव्या लिथियम पंपाला जुना चार्जर लावू का?

पिन बसते, दिवा लागतो, म्हणून बरेच जण लावतात. लावू नका. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट, सेलमागे ४.२. जुना लेड-अ‍ॅसिड चार्जर १३.८ देतो, म्हणजे सेलमागे ४.६. पॅकमधला संरक्षक बोर्ड तेवढ्यापुरता तोडतो, पण तो शेवटचा आधार आहे, रोजचा नाही. तो निकामी झाला तर पॅक पेट घेऊ शकतो. दोन चार्जरमधला फरक आत बघितला तर जेमतेम एका रजिस्टन्सचा असतो: खाली २.२ ऐवजी सुमारे २.४७ किलोओहम. बाहेरून तो ओळखू येत नाही. चार्जरच्या लेबलवर ‘आउटपुट’ समोरचा आकडा वाचा, पंपाच्या बॅटरीवरचा वाचा, आणि घरात दोन्ही प्रकार असतील तर चार्जरवर ऑइलपेंटने खूण करून ठेवा.